शिळा भात आणि सॉसेजची माळ

आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे एक गाठोडं असतं. आधी प्लास्टिकची पिशवी, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर पुन्हा पिशवी. एवढं गुंडाळूनही दार उघडलं की लसणीचा, व्हिनेगरचा आंबूस वास नाकात शिरतोच. ट्रेमधल्या बर्फालाही तो लागतो. पाहुण्यांच्या सरबतात मी बर्फ घालत नाही, त्याचं खरं कारण हे.

गाठोड्यात गोव्याच्या सॉसेजची माळ असते. माझं माहेर सावंतवाडीचं. शुक्रवारी सकाळी म्हापशाच्या बाजाराला जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परतणारी माणसं आमच्या आळीत होती. बाजारात बायका या लालभडक माळा ओंजळीत धरून बसलेल्या असतात. डुकराच्या मांसाचे नि चरबीचे तुकडे, मिरची, लसूण, मसाला, माडीचं व्हिनेगर. हे सगळं आतड्यात भरायचं, दोऱ्याने गाठी मारायच्या आणि उन्हात, धुरावर सुकवायचं. पावसाळ्याआधी आपण आगोटीची बेगमी करतो, त्याला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. सुकी मासळी, कोकमं, मिरच्या यांच्या रांगेत या माळाही असतात. दर्या बंद असताना पेजेसोबत काहीतरी झणझणीत हवंच की.

माळेतलं सॉसेज पावातही जातं आणि पुलावातही. मी मात्र ते शिळ्या भातात घालते, भाज्यांबरोबर. कुणी याला फ्राइड राइस म्हणावं, कुणी फोडणीचा भात. आमच्याकडे नुसतं ‘सॉसेजचा भात’ म्हणतात.

पहिल्यांदा केला तेव्हा मी नवीन लग्न झालेली, ठाण्यात, हौसेने पेटलेली. ताजा, वाफाळता भात लावला. कढईत तीन चमचे तेल, त्यात आलं-लसूण, मग तिखट, मग मीठ. सॉसेज सगळ्यात शेवटी. तयार झाला तो लाल गोळा खिचडी म्हणून खपला असता, पण इतका खारट की नवऱ्याने दह्याचं भांडं शेजारी ओढून घेतलं आणि काही न बोलता जेवला. रात्री आईला फोन केला. आमचं घर मालवणी बोलणारं, ती आधी हसली आणि मग म्हणाली, “तेल कित्याक घातलंस? मीठ कित्याक? तेच्यात सगळा असताच.”

ही गोष्ट पचायला मला वेळ लागला. फोडणीच्या भाताची सवय असलेला हात सतत काहीतरी घालायला बघतो. मोहरी, हिंग, कढीलिंब, हळद, चिमूटभर साखर, वरून खोबरं. बिचारा भात फिका असतो, त्याला सजवावं लागतं. सॉसेजच्या भातात हात आवरावा लागतो.

आता करते तो असा. दोघांना आठ-दहा मणी पुरतात. मणी म्हणजे बोटाच्या पेराएवढी छोटी सॉसेजं. दोरा कापून, वरचं आवरण सोलून आतलं मांस कोरड्या कढईत टाकायचं, वर अर्धी वाटी पाणी. पाणी आटतं आणि मग कढई आपल्याआपण बोलायला लागते. चरबीचे पांढरे तुकडे काचेसारखे होत जातात, त्यातून शेंदरी तेल सुटतं. तेच आपलं तेल. त्यात उभा कांदा, मग फरसबी आणि गाजर, शेवटी कोबी. कोबी हा शब्द पोर्तुगीज ‘कोव्ह’वरून आलेला, मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आलेली. साहेब 1510 मध्ये गोव्यात आले ते 1961 मध्ये गेले, आमच्या कढईत मात्र मुक्कामाला आहेत. सिमला मिरची मी घालत नाही. तिचा वास सॉसेजशी भांडतो, आणि दोघंही हटत नाहीत.

आता भात. तो कालचा आणि फ्रीजमधलाच हवा. थंडीत दाण्यातला स्टार्च आवळून घट्ट होतो, म्हणून कालचं शीत चिकटत नाही, बोटांनी मोकळं होतं. पण ‘शिळा’ म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेला नव्हे. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, उबेत ते जागे होतात. निवला की लगेच फ्रीजमध्ये. उकडा तांदूळ असेल तर सोन्याहून पिवळं. तो जाड, हट्टी दाणा कालथ्याला दाद देत नाही.

भात एकदम ओतायचा नाही, हे मी चायनीजच्या गाडीसमोर पार्सलची वाट बघताना शिकले. गाडीवाल्याची भट्टी विमानासारखी गरजते, तरी तो एका वेळी दोन प्लेटींहून जास्त टाकत नव्हता. दक्षिण चीनमधल्या कँटनी लोकांचा यासाठी एक शब्द आहे, ‘वोक हेइ’, म्हणजे कढईचा श्वास. घरच्या शेगडीला तेवढा श्वास कुठला? तिच्यावर भरभरून ओतलं तर भात परतला जात नाही, वाफेत भिजतो. म्हणून दोन घाण्यांत. कँटनी लोकही भातात सुकवलेलं सॉसेज घालतात, लाप चोंग, पण ते गोडसर. आपलं आंबट-तिखट. एकदा कुणीतरी आणून दिलेलं लाप चोंग मी चाखलं. चांगलं होतं, पण मला ते पाहुण्यासारखंच वाटलं.

शेवटी गॅस मोठा करून भात दोन मिनिटं अजिबात हलवायचा नाही. तळाशी लाल, कुरकुरीत खरवड धरते. ढवळायला हात शिवशिवतो, तेव्हा मी मुद्दाम दूर जाऊन अंडी फोडत बसते.

खरवड कुणाची यावर आमच्याकडे अजून निकाल लागलेला नाही. नवऱ्याचं म्हणणं, दह्यासोबत तो पहिला भात त्याने मुकाट गिळला, तेव्हा हक्क त्याचा. मी कढई ओट्यावरच ठेवते आणि कालथ्याने खरवडून उभ्याउभ्याच खाते. काल माळेचे सहा मणी उरले होते. आईला फोन करून विचारलं, शुक्रवारी म्हापशाला कोण जातंय?