फॅमिकॉम एव्ही मॉड: जेलबार मावळले, पण पुरते नाहीत

माझ्या फॅमिकॉमला (निन्टेन्डोचा जुना जपानी गेम कन्सोल) टीव्हीसाठी थेट व्हिडिओ-ऑडिओ जॅक देणारा मॉड, म्हणजे एव्ही मॉड, चालू आहे. त्याच्या एचव्हीसी-सीपीयू-०७ या मुख्य बोर्डावरचे जेलबार, म्हणजे चित्रातले तुरुंगाच्या गजांसारखे उभे पट्टे, अखेर कमी झाले. आकाशी निळ्या पार्श्वभूमीवरचे जे उभे पट्टे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचे, ते आता पडद्याला नाक लावल्यावरच दिसतात. व्हिडिओ सिग्नल जॅकपर्यंत नेणारा छोटा अॅम्प्लिफायर मागच्या नोंदीतलाच. बदललं ते त्याचं ठिकाण, त्याची ग्राउंड आणि तारांचा मार्ग. म्हणून आजची नोंद जवळजवळ सगळी याच एका दुखण्याबद्दल आहे.

जेलबार म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो "कपॅसिटर वाढवा". या बोर्डावर त्याने फारसं काही होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेतलं तर पुढचं काम सरळ होतं.

पॉवरमधली रिपल (डीसीमध्ये उरलेले चढ-उतार) असेल तर पडद्यावर आडवे पट्टे येतात आणि ते वर-खाली सरकतात. जेलबार उभे असतात आणि जागचे हलत नाहीत. म्हणजे त्यांचा मूळ स्रोत पिक्सेल क्लॉकशी बांधलेला आहे. फॅमिकॉमचा मास्टर क्लॉक २१.४७७ मेगाहर्ट्झ, त्याचा चौथा भाग ५.३७ मेगाहर्ट्झ हा पिक्सेलचा वेग. पीपीयू (चित्र तयार करणारी चिप, आरपी२सी०२) दर दोन पिक्सेलला एकदा मेमरी वाचतो आणि आठ पिक्सेलमध्ये चार वाचनं पुरी करतो: नेमटेबल (कुठला टाइल), अॅट्रिब्यूट (कुठले रंग), पॅटर्नचा (टाइलच्या चित्राचा) खालचा बाइट, पॅटर्नचा वरचा बाइट. सपाट आकाशात तोच टाइल (८ बाय ८ पिक्सेलचा तुकडा) पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे बसवर (मेमरीकडे जाणाऱ्या तारांवर) तेच बिट त्याच क्रमाने दर आठ पिक्सेलला फिरतात. ही खडखड व्हिडिओ सिग्नलमध्ये झिरपली की पट्टे तयार.

याची खातरजमा दोन प्रकारे होते. आडवा स्क्रोल होणारा कुठलाही गेम लावा. चित्र सरकतं, पण पट्टे काचेवर होते तिथेच राहतात, कारण स्क्रोल झाला तरी ओळीतली वाचनांची वेळ बदलत नाही. दुसरी चाचणी आणखी पक्की. फ्लॅश कार्टवरून (स्वतःचे प्रोग्राम भरता येणारं कार्ट्रिज) एक छोटा रॉम चालवा, जो पॅलेटमध्ये निळा रंग भरतो आणि हेक्स २००१ या रजिस्टरमध्ये शून्य लिहितो. रेंडरिंग बंद, वाचनं बंद, पडदा सपाट निळा. पट्टे गायब. आता रेंडरिंग चालू करा. पट्टे हजर. एवढं झाल्यावर अॅडॉप्टर आणि फिल्टर कपॅसिटर यांच्यावरचा मुख्य संशय मिटतो. रोग पीपीयूच्या बसपासून व्हिडिओच्या ट्रॅकमध्ये शिरतो आहे.

पिनांची मांडणी डोळ्यासमोर आणा. पिन २१ व्हिडिओ आउट. त्याच बाजूला २२ रीसेट, २३ राइट, २४ रीड, मग २५ ते ३० वरच्या अॅड्रेस लाइन, ३१ ते ३८ अॅड्रेस-डेटाच्या सामाईक लाइन, ३९ एएलई (अॅड्रेस पकडून ठेवण्याचा इशारा) आणि ४० वर ५ व्होल्ट. म्हणजे सगळ्यात नाजूक अॅनालॉग सिग्नल आणि सगळ्यात गोंगाट करणाऱ्या लाइन एकाच रांगेत आहेत. व्हिडिओचा ट्रॅक यांच्या शेजारून जितका लांब धावेल तितका कचरा गोळा करेल. जीपीएम मालिकेच्या बोर्डांवर ग्राउंड चांगली आहे, तिथे त्रास कमी असतो. ०७ आणि त्याआधीच्या बोर्डांवर मात्र ट्रॅक वाचवण्यात अर्थ नाही. पिन २१ बोर्डापासून सोडवायलाच हवी.

ट्रॅक कापायचा की पिन उचलायची, यावर मतं दोन आहेत. माझं मत ठामपणे पिन उचलण्याच्या बाजूने. ट्रॅक कापला तरी पॅड आणि ट्रॅकचा उरलेला तुकडा पिनला चिकटून राहतो आणि अँटेनाचं काम करतो. शिवाय पिन उचललेली असेल तर मूळ आरएफ (टीव्हीच्या अँटेना सॉकेटला जाणारी) जोडणी कधीही परत आणता येते.

पिन उचलताना घाई नको. जुनं सोल्डर थेट ओढू नका. आधी फ्लक्स लावा आणि ६३/३७ चं ताजं सोल्डर त्यावर चढवा, मग ३४० ते ३५० अंशांवर दोन-तीन सेकंद गरम करून पंप मारा. भोकात उरलेलं सोल्डर विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) काढा. सुई घालून पिन हलवून पाहा. ती भोकात मोकळी खुळखुळली पाहिजे. खुळखुळत नसेल तर परत ताजं सोल्डर, परत पंप. जोर लावला की पॅड उचकटतो. पिन मोकळी झाली की रुंद खांद्याच्या खाली, जिथे ती अरुंद होते तिथे चिमटा धरून बाहेरच्या बाजूला साधारण ५० अंश वाकवा. वाकवायची ती एकदाच. चाळिशीला आलेला धातू मागे-पुढे केला की खांद्यापाशी तुटतो, आणि मग आयसीचं प्लास्टिक खरवडून सोल्डर धरायला जागा शोधावी लागते. या कामाला तापमान न धरणारी २५ वॅटची साधी सोल्डरिंग आयर्न वापरू नका. तारा जोडायला ती उत्तम, पण इथे ती आधी थंड पडते आणि मग पॅड जाळते.

आता अॅम्प्लिफायर. सर्किट तेच: पीएनपी एमिटर फॉलोअर. बेस पिन २१ ला, कलेक्टर ग्राउंडला, एमिटर ३०० ओहममधून ५ व्होल्टला. आउटपुट एमिटरवरूनच, आधी २२० मायक्रोफॅरड (प्लस टोक एमिटरकडे), मग ११० ओहम, मग जॅक. २२० चा १० करू नका, पडद्याच्या वरच्या आणि खालच्या भागाची उजळी वेगवेगळी दिसायला लागते. ११० च्या जागी ७५ घातला तर चित्र उजळ होतं, पण काही टीव्हींवर पांढरा रंग फुटतो.

ट्रान्झिस्टरच्या पायांकडे नीट लक्ष द्या. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून २एन३९०६ चे पाय एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५५७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. आणि जपानी आकृत्यांमध्ये दिसणाऱ्या २एसए१०१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस. एकाची आकृती बघून दुसरा बसवला की चित्र एक तर येत नाही किंवा काळपट, थरथरतं येतं, आणि दोष पीपीयूचा वाटत राहतो. आपल्याकडे बीसी५५७ कुठेही मिळतो आणि या कामाला पुरेसा आहे.

खरी मेख जागेची आहे. पिन २० म्हणजे पीपीयूची ग्राउंड, आणि ती पिन २१ च्या बरोबर समोर, आयसीच्या त्याच टोकाला आहे. दोघींमधलं अंतर १५.२४ मिलिमीटर. म्हणजे अख्खा अॅम्प्लिफायर आयसीच्या टोकावर आडवा बसतो. बेसचा पाय थेट उचललेल्या पिनवर सोल्डर होतो, मध्ये तारच नाही. कलेक्टर थेट पिन २० वर. पिन २१ आणि बेस यांच्यामध्ये कोअॅक्स (शिल्ड असलेली तार) घालण्याचा सल्ला काही ठिकाणी दिसतो, तो टाळा. हा भाग हाय इम्पीडन्सचा आहे. इथे लांबी वाढली की गोंगाट शिरतो आणि कोअॅक्सची कपॅसिटन्स ३.५८ मेगाहर्ट्झचा रंग दाबते. काही आकृत्यांमध्ये दिसणारा ५६० पिकोफॅरडचा कपॅसिटरही याच कारणाने बेसवर नको, लावायचाच तर एमिटरच्या बाजूला.

एवढं करूनही पट्टे निम्मेच कमी झाले होते. उरलेले निम्मे आउटपुटच्या तारेतून येत होते. जॅककडे जाणारी तार आयसीच्या पाठीवरून, ३१ ते ३८ पिनांच्या शेजारून गेली होती. केस उघडी ठेवून, गेम चालू असताना लाकडी काडीने तार इकडून तिकडे सरकवली की पट्टे डोळ्यांदेखत गडद-फिके होतात. ही चाचणी प्रत्येकाने करावी, तिला ऑसिलोस्कोप लागत नाही. आता तार पिन २० च्या बाजूने, आयसीच्या टोकाकडून थेट बोर्डाच्या कडेला काढली आहे. कोअॅक्स आरजी३१६. आरजी१७४ स्वस्त पडते, पण तिचं आतलं इन्सुलेशन आयर्न जरा रेंगाळली की वितळतं आणि शिल्ड आतल्या तारेला टेकते. आरजी३१६ चं टेफ्लॉन हे सगळं सोसतं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते, अर्धा मीटर पुष्कळ झाला.

जॅकची ग्राउंड फक्त या कोअॅक्सच्या शिल्डमधूनच यायला हवी, पिन २० पासून. आरएफ बोर्डाच्या पत्र्यावरून दुसरी ग्राउंड घेतली की पीपीयूचा डिजिटल करंट शिल्डमधून वाट काढतो आणि पट्टे परत येतात. याच कारणाने चार टोकांचा ३.५ मिलिमीटर जॅक मला पसंत नाही. त्यात ऑडिओ आणि व्हिडिओची ग्राउंड एकच, आणि पडदा पांढरा झाला की स्पीकर गुणगुणतो. दोन वेगळे आरसीए जॅक घ्या, प्लास्टिक बॉडीचे.

५ व्होल्ट कुठून घ्यायचे? पिन ४० सोयीची वाटते, पण ती २१ पासून आयसीच्या दुसऱ्या टोकाला, ४८ मिलिमीटरवर आहे आणि वाटेत सगळी बस. त्यामुळे ७८०५ (कन्सोलमधला ५ व्होल्टचा रेग्युलेटर) च्या आउटपुटपासून स्वतंत्र तार आणली, अॅम्प्लिफायरपाशी १० ओहम आणि त्यानंतर ग्राउंडला २२० मायक्रोफॅरड. साधारण १० मिलिअँपियरला १० ओहमवर ०.१ व्होल्ट पडतो, तो चालतो. फरक थोडाच पडला. पीपीयूसाठीचा ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक मात्र पिन ४० ला चिकटून, जवळात जवळच्या ग्राउंडवर लावा. २० ते ४० असा आयसीवरून तिरका टाकलेला कपॅसिटर फोटोत छान दिसतो, पण पाच सेंटिमीटरच्या पायांमध्ये साधारण ५० नॅनोहेन्री येतात आणि वेगवान एजवर त्याचा उपयोग उरत नाही. इलेक्ट्रोलायटिक सुटे घेताना दुकानातच मीटरवर मोजा, २२० छापलेले आणि १०० दाखवणारे बाजारात फिरतात.

इथून पुढे ७८०५ काढून स्विचिंग मॉड्यूल बसवायचा बेत होता, उष्णता कमी व्हावी म्हणून. तो रद्द. इतकी मेहनत करून स्वच्छ केलेल्या व्हिडिओशेजारी काही शे किलोहर्ट्झवर ठोकणारा कन्व्हर्टर आणून बसवण्यात शहाणपण नाही. त्याऐवजी ९ व्होल्ट १ अँपियरचा, आतला पिन निगेटिव्ह असलेला रेग्युलेटेड अॅडॉप्टर ठेवला आहे. मूळ अॅडॉप्टर १० व्होल्ट देतो, त्यामुळे ९ वर ७८०५ उलट थंडच राहतो. गिटार पेडलचे बहुतेक अॅडॉप्टर याच पोलॅरिटीचे असतात, तरी मीटर लावल्याशिवाय घुसवू नका. आणि जपानचा मूळ अॅडॉप्टर १०० व्होल्टचा आहे, आपल्या २३० च्या सॉकेटजवळही नेऊ नका.

ऑडिओबद्दल थोडक्यात. सीपीयूच्या पिन १ आणि २ वरून आवाज घेणाऱ्या आकृत्या सोडून द्या. फॅमिकॉममध्ये आवाज कार्ट्रिजच्या पिन ४५ वरून आत जातो आणि ४६ वरून परत येतो, वाटेत कार्ट्रिजमधली चिप आपला आवाज मिसळते. सीपीयूवरून घेतला तर कोनामीच्या व्हीआरसी६ या कार्ट्रिजमधल्या चिपचे जादा चॅनेल कायमचे गेले. ४६ च्या पुढे, आरएफ बोर्डाकडे जाणाऱ्या ऑडिओच्या तारेवर १० मायक्रोफॅरड घालून घ्या. दुसऱ्या पॅडवरच्या मायक्रोफोनचा स्लायडर खाली ठेवा, म्हणजे तिकडून सरसर येणार नाही.

आपल्याकडच्या जुन्या क्लोनची (फॅमिकॉमच्या नकला) ६० पिनी कार्ट्रिजं यात थेट बसतात. आपले क्लोन बहुतेक ५० हर्ट्झचे होते, हा ६० चा, त्यामुळे सगळं साधारण २० टक्के वेगाने पळतं. क्लोनवरही हा मॉड करायचा असेल तर आधी उघडून पाहा: यूएमसी कंपनीची यूए६५३८ चिप असेल तर हीच पद्धत लागू पडते, बोर्डावर नुसता काळा गोळा (रेझिनखाली थेट चिकटवलेली चिप) असेल तर उचलायला पिनच नाही.

उरलेल्या पट्ट्यांचा काही भाग चिपच्या आतच मिसळत असणार, त्याला इलाज नाही. पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. रेंडरिंग चालू असताना २२ आणि २३ स्थिर असतात, २४ मात्र दर दोन पिक्सेलला हलते, आणि उचललेल्या पिनपासून ती फक्त साडेसात मिलिमीटरवर आहे. मध्ये तांब्याच्या पट्टीचा पडदा उभा करता येईल: ८ बाय १२ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना कॅप्टॉन (उष्णता सोसणारी इन्सुलेशनची) टेप, खालचं टोक आखूड तारेने पिन २० ला. आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा देणाऱ्या) व्हिडिओचा विचार त्यामुळे पुढे ढकलला आहे. पट्टी बसवून निळ्या पडद्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो एकाच एक्स्पोजरवर काढेन, तोवर केसचे स्क्रू लावत नाही.