जांभ्याच्या मातीला डोलोमाइट: एका वाफ्याची ऑगस्ट ते फेब्रुवारी नोंद

वाफा 1.2 मीटर रुंद, 3.5 मीटर लांब. जांभ्यावरची लाल, खडेमिश्रित माती. दक्षिण कोकण आणि गोव्यातल्या परसबागांत सर्रास सापडते तशी. पावसाळ्यात चुना-मॅग्नेशियम पाण्याबरोबर धुऊन खाली जातं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरतं, त्यामुळे ही माती आम्लधर्मी. सुरुवातीचा सामू (pH) 5.2. वांगी, टोमॅटो, कोबी, पालक यांना 6 ते 6.5 हवा, म्हणून लक्ष्य 6.2 ठरवलं. 3 मीटरला डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या दगडाची आम्ल मारणारी भुकटी, द्यायचं आणि शेवटची अर्धा मीटर पट्टी तुलनेसाठी कोरी ठेवायची. अशी पट्टी नसेल तर पुढचे सगळे आकडे बिनबुडाचे. का ते फेब्रुवारीच्या नोंदीत येईल.

आधी एक इशारा. ही नोंद घाटावरच्या काळ्या मातीसाठी नाही. तिथला सामू बहुधा साडेसातच्या वर असतो आणि चुनखडी मुळातच भरपूर. शंका असेल तर चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. माती फसफसली तर डोलोमाइटचं पोतं दुकानातच राहू द्या. मुंबई-पुण्यात ‘लाल माती’ म्हणून मिळणारी पिशवीही मोजल्याशिवाय आम्ल समजू नये.

22 ऑगस्ट: सामू मोजणे

वाफ्यात पाच ठिकाणी 15 सेंटिमीटर खोल माती काढली, एकत्र केली, सावलीत वाळवली, 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळली. 20 ग्रॅम माती, 50 मिली डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास अधूनमधून ढवळणे, मग पेनासारख्या मीटरने वाचन. मीटर त्याच दिवशी 4 आणि 7 च्या बफरवर (ठरावीक सामूच्या द्रावणावर) लावून घेतला. बफरशिवाय घेतलेलं वाचन फेकून द्यावं. मातीत खुपसायच्या दोन दांड्यांच्या स्वस्त मीटरवर भरवसा नको, त्याचा काटा ओलाव्यावरच जास्त हलतो. नळाचं पाणीही नको, त्यात विरघळलेला चुना आकडा वर ढकलतो.

सामूवरून माती आम्ल आहे एवढं कळतं, डोलोमाइट किती घालायचं ते कळत नाही. एकाच 5.2 ला रेताड माती मूठभरात वर येते, आणि चिकणमातीचा व सेंद्रिय अंशाचा वाटा मोठा असेल तर तिप्पट खाऊनही जागची हलत नाही. प्रयोगशाळेत यासाठी बफर सामू (माती मिसळल्यावर बफर द्रावणाचा सामू किती उतरतो ते) काढून चुन्याची गरज सांगतात. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत ती चाचणी होते का ते विचारावं, कारण साध्या अहवालात ती बहुधा नसते. घरी करायची असेल तर बरण्या.

24 ऑगस्ट: सहा बरण्या

प्रत्येक बरणीत 1 किलो गाळलेली कोरडी माती. डोलोमाइट अनुक्रमे 0, 0.5, 1, 1.5, 2 आणि 3 ग्रॅम. 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतो. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही. नीट मिसळून माती वापशाला येईल इतकंच पाणी घातलं: मुठीत दाबली की गोळा व्हावा, बोटाने टोचला की फुटावा. तोंडाला फडकं बांधून सावलीत ठेवल्या. आठवड्यातून एकदा हलवायच्या, वजन घटेल तेवढं पाणी पुन्हा घालायचं. चिखल झाला तर हवा कोंडते आणि सामू भलतंच काही दाखवतो.

डोलोमाइट तेच, जे पुढे वाफ्यात पडणार. म्हणजे त्याची शुद्धता आणि बारीकपणा वेगळा हिशेबात धरावा लागत नाही.

26 ऑगस्ट: पोत्याची तपासणी

कोकणात कोळंबी प्रकल्पांना माल पुरवणाऱ्या दुकानांत डोलोमाइट मिळतं, तळ्यातल्या पाण्यासाठी ते वापरतात. शहरात खतांच्या दुकानात विचारावं. पांढरी भुकटी म्हणजे डोलोमाइटच असं नाही. शंखजिरे तशीच दिसते, गारगोटीचं पीठही तसंच. रांगोळी आणून टाकणारेही आहेत. ती कोणत्या दगडाची, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

व्हिनेगरची परीक्षा: साधी चुनखडी गार व्हिनेगरमध्ये लगेच फसफसते. डोलोमाइट गारमध्ये कुरकुरत बुडबुडे सोडतं, व्हिनेगर कोमट केलं की जोर धरतं. शंखजिरे आणि गारगोटी दोन्हींत गप्प. मुकाट्याने चुना लावून घ्यायचा नसेल तर ही पाच मिनिटं खर्च करावीत.

बारीकपणाही तितकाच महत्त्वाचा. पाव मिलिमीटरपेक्षा बारीक कण एका हंगामात कामाला येतात, त्याहून जाड कणांचा निम्माच भाग उपयोगी पडतो, आणि 2 मिलिमीटरच्या वरची कच म्हणजे नुसती खडी. मैद्याच्या चाळणीतून 100 ग्रॅम चाळलं, 8 ग्रॅम वर उरलं. ठीक आहे. 40 ग्रॅम उरलं असतं तर पोतं परत.

शुद्ध डोलोमाइटमध्ये कॅल्शियम सुमारे 22 टक्के, मॅग्नेशियम 13 टक्के; आम्ल मारण्याची ताकद शुद्ध चुनखडीच्या 108 ते 109 टक्के. विरवलेल्या चुन्याची ताकद 135, कळीच्या चुन्याची जवळजवळ 179. म्हणून पानाच्या डब्यातला चुना डोलोमाइटच्या मापाने टाकला की घात होतो. तो तिखटही असतो, कोवळी मुळं भाजतात, सामू आठवड्यात उडी मारतो. शिंपल्यांचा चुना आपल्याकडे जुना, पण त्यात मॅग्नेशियम नसल्यातच जमा. भाताच्या दाढीत (रोपांच्या वाफ्यात) राब, म्हणजे पालापाचोळा-फांद्या, भाजतात तेव्हा राखही हेच काम थोडंफार करते आणि वर पालाश (पोटॅश) देते, पण तिची ताकद लाकूड कोणतं यावर ठरते, त्यामुळे हिशेब जमत नाही.

डोलोमाइटच का, चुनखडी का नाही? जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल, किंवा अहवालात मॅग्नेशियम कमी असेल, तरच. मॅग्नेशियम पुरेसं असेल तर साधी बारीक चुनखडी स्वस्त आणि थोडी जलद. पालाश भरमसाट घातल्यानेही मॅग्नेशियमची कमतरता दिसते. तिथे आधी पालाश थांबवावं.

5 ऑक्टोबर: बरण्यांचा निकाल

सहा आठवड्यांनी: 0 ग्रॅमला 5.2, अर्ध्याला 5.5, 1 ला 5.8, दीडला 6.1, 2 ला 6.3, 3 ला 6.6. वर जाताना पायऱ्या लहान होत जातात. 6.2 साठी 1.75 ग्रॅम प्रति किलो.

आता खरी गोम. 15 सेंटिमीटर खोलीचा एक चौरस मीटर म्हणजे साधारण 195 किलो माती, असा हिशेब करून मोकळं होता येतं, पण जांभ्याच्या मातीत खडे किती? खडे आम्ल धरून बसत नाहीत आणि डोलोमाइटही खात नाहीत. म्हणून 30 × 30 × 15 सेंटिमीटरचा चौकोनी खड्डा मापून काढला, सगळी माती वाळवून चाळली. खाली पडलेली बारीक माती 12.3 किलो. तिला 11.1 ने गुणलं की चौरस मीटरला 136 किलो. 136 × 1.75 म्हणजे 240 ग्रॅमच्या आसपास. खडे न मोजता 340 ग्रॅम गेलं असतं. ‘चौरस मीटरला दोन मुठी’ सांगणाऱ्यांची मूठही कुणी मोजलेली नसते.

3 × 1.2 = 3.6 चौरस मीटरला 860 ग्रॅम. हिशेब चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या वर गेला असता तर दोन हप्ते केले असते, मध्ये एक हंगाम सोडून.

11 ऑक्टोबर: मिसळणे

पाऊस थांबून वापसा आला. मे अखेरही चालतं, पण उताराच्या बागेत पहिल्या वळवाच्या सरीबरोबर भुकटी शेजारच्याच्या आवारात जाते.

860 ग्रॅम डोलोमाइट तिप्पट कोरड्या वाळूत घमेल्यात मिसळलं; नुसती भुकटी हाताने सारखी पडत नाही. तोंडाला फडकं बांधलं. वाऱ्याच्या दिवशी हे काम करूच नये. निम्मं मिश्रण वाफ्याच्या लांबीने पसरलं आणि कुदळीने 15 सेंटिमीटर खोल उलथलं. उरलेलं निम्मं आडवं पसरलं आणि पंजाने वरच्या थरात मिसळलं. हलकं पाणी दिलं, वर पालापाचोळा. डोलोमाइट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून वर शिंपडून ठेवलेलं वर्ष वर्ष वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच पडून राहतं. वरची माती गोड, मुळं खाली आम्लातच.

त्याच दिवशी शेणखत, युरिया, अमोनियम सल्फेट, सुपर फॉस्फेट काहीही घालायचं नाही. चुन्याशी गाठ पडली की अमोनियाचं नत्र (नायट्रोजन) वासासकट उडून जातं. विरवलेल्या चुन्याशी फार, डोलोमाइटशी कमी, पण जातं. सुपर फॉस्फेटमधलं स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमशी जखडून बसतं. कुजलेलं शेणखत दोन आठवड्यांनी, 25 ऑक्टोबरला घातलं. सुपर फॉस्फेट लावणीच्या वेळी रोपाच्या आळ्यात.

8 नोव्हेंबर वांग्याची रोपं लावली, कोऱ्या पट्टीतही. दोन्हीकडे खत, पाणी सारखंच.

14 नोव्हेंबर: थरांचं वाचन

मिसळून काढलेल्या मातीचा सामू 5.6. कोरी पट्टी 5.2. थर वेगळे मोजले तर वरच्या 5 सेंटिमीटरमध्ये 6.0, मधल्यात 5.6, खालच्यात 5.3. म्हणजे कुदळीने निम्मंच काम केलं: माती उलटली, पण मिसळली नाही, ढेकळं तशीच राहिली. पुढच्या वेळी पहिला हप्ता दोन तृतीयांश, आणि उलथल्यावर ढेकळं फोडूनच पुढे जायचं. आता रोपं उभी असताना पुन्हा खणणं नको, मुळं तुटतील.

20 डिसेंबर डोलोमाइटचा भाग 5.8, कोरी पट्टी 5.1. कोऱ्या पट्टीतलं एक रोप उपटून धुतलं: मुळं आखूड, जाड, टोकं तपकिरी, बारीक फाटे जवळजवळ नाहीत. सामू साडेपाचच्या खाली गेला की ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळांच्या टोकांची वाढ खुंटवते. झाड पाणी असून सुकल्यासारखं दिसतं ते यामुळे. डोलोमाइटने सामू वर गेला की तेच ॲल्युमिनियम न विरघळणारं होऊन बसतं, आणि त्याने धरून ठेवलेलं स्फुरदही थोडंफार सुटतं. डोलोमाइटच्या भागातल्या मुळांना पांढरे बारीक फाटे होते.

फळाच्या टोकाला काळा, दबलेला डाग दिसला तर लगेच आणखी डोलोमाइट टाकायची घाई नको. टोमॅटोत हा डाग कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याने येतो, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण पाण्याची हेळसांड: आज पूर, पुढचे चार दिवस कोरडं.

14 फेब्रुवारी: आकडा का घसरला

डोलोमाइटचा भाग 5.8, तसाच. कोरी पट्टी 5.0. सामू पुढे गेला नाही असं वाटून इथेच बरेच जण दुसरा हप्ता टाकतात. उन्हाळा लागला की मातीत क्षार साठतात आणि पाण्यातला सामू काही दशांशांनी कमी दिसतो; पावसाळ्यानंतर तो पुन्हा चढतो. म्हणून फरक पाहायचा: नोव्हेंबरात 0.4, डिसेंबरात 0.7, आता 0.8. म्हणजे काम चालू आहे, बरणीतल्या एका अंकाच्या फरकाला ते अजून पोचायचं आहे. डोलोमाइट मुळातच मंद; वर्षभर चढत राहतं. तुलना नेहमी त्याच महिन्याच्या वाचनाशी करावी.

घाईने जास्त टाकलं तर परत फिरणं अवघड. सामू 7 च्या पुढे गेला की कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोह, जस्त, मँगनीजचं दुखणं, मॅग्नेशियमचं नाही. मॅग्नेशियमचं जुन्या पानांत दिसतं. दोन्हींची गल्लत करून वर आणखी डोलोमाइट टाकणं ही नेहमीची चूक. बोरॉनही अडतं.

या वाफ्याच्या शेजारचा अननस आणि अनंत यांना डोलोमाइटपासून दूर ठेवलं आहे, त्यांना आम्लच मानवतं. रताळ्यालाही गरज नाही.

कुंड्यांसाठी वेगळं माप: कोकोपीट आणि लाल मातीच्या मिश्रणात लिटरला 1 ग्रॅमने सुरुवात, म्हणजे 15 लिटरच्या कुंडीला 15 ग्रॅम, भरण्याआधी मिसळून. बोअरचं जड पाणी घालत असाल तर एवढंही डोलोमाइट नको, ते पाणीच हळूहळू सामू चढवतं.

पुढचं काम

ऑक्टोबरपर्यंत डोलोमाइट नाही. दरम्यान नत्रामुळे आम्लता परत येईल, तिचा हिशेब लिहून ठेवायचा: 100 ग्रॅम अमोनियम सल्फेट मारायला सुमारे 110 ग्रॅम चुनखडी, 100 ग्रॅम युरियाला सुमारे 80. चौरस मीटरला वर्षाला 50 ग्रॅम युरिया गेला तर 40 ग्रॅम त्यातच संपतं. अमोनियम सल्फेट या वाफ्यातून बाद. 11 ऑक्टोबरच्या आसपास तेच पाच खड्डे, तेच तीन थर, तोच मीटर नव्या बफरवर; खालचा थर 5.6 च्या खाली असेल तर चौरस मीटरला 60 ग्रॅम डोलोमाइट, आणि ते आधी खालच्या थरात.