सागाचं कुळ कुणी बदललं?

रिटायर झालो तरी रानफेरीला कुणीतरी विचारतंच. ‘सर, साग तुळशीच्या कुळात? आम्ही तर व्हर्बिनेसी, म्हणजे टणटणीचं कुळ, पाठ केलं होतं. तुम्ही लोक सारखी कुळं का बदलता?’ बदलणारा मी नव्हे. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. या बदलावर सगळ्यात जास्त चिडलो होतो तो मीच.

आमच्या पिढीने शिकलं आणि शिकवलं ते बेंथम आणि हूकर या दोन ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांचं वर्गीकरण, १८६२ ते १८८३ या काळात छापलेलं. फूल फोडायचं, भिंगाखाली धरायचं, कुक्षिवृंत, म्हणजे अंडाशयातून वर येणारी बारीक दांडी, कुठून निघतो ते बघायचं. तुळशीत तो अंडाशयाच्या चार भागांमधून, पार बुडातून वर येतो. सागात शेंड्यावरून. झालं! तुळस लॅमिएसी, साग व्हर्बिनेसी. पंचवीस वर्षं फळ्यावर हेच लिहिलं.

२००६ साली एका कॉलेजात बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. स्पॉटिंगला, म्हणजे नमुना बघून ओळखायला, सागाची फांदी ठेवलेली. सागाच्या मुलखातल्या एका मुलीने कुळ लिहिलं लॅमिएसी. मी फुली मारली आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, कारण विचारलं. ती म्हणाली, ‘सर, कोवळी फांदी चौकोनी असते, तुळशीसारखी. पानंही समोरासमोर. आणि नेटवर वाचलं, आता लॅमिएसीतच धरतात.’ नेटचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. म्हणालो, ‘मग उद्यापासून सागाच्या मंजिऱ्या विठोबाला वाहणार का?’ सगळी लॅब हसली. तिथले सरही हसले. ती खाली बघत तळहात चोळत राहिली. लहानपणी सागाचं कोवळं पान चोळून हात लाल करतात ना, तसंच काहीसं. का कोण जाणे, तेवढंच डोळ्यांसमोर राहिलंय. कुळाचा एक आणि कारणाचा एक, असे दोन गुण कापले.

अभ्यासक्रमात व्हर्बिनेसीच होतं. नमुना उत्तरं मी बनवली नव्हती. इतर चाळीस जणांना एक नियम आणि हिला दुसरा, असं कसं करणार? हे मी स्वतःला बरेचदा ऐकवलंय.

चारेक वर्षांनी एका रिफ्रेशर कोर्समध्ये कळलं की नव्वदीच्या दशकातच हा घोळ निस्तरला होता. शेंड्यावरचा कुक्षिवृंत हे पूर्वजांकडून आलेलं जुनं लक्षण. ते साग आणि टणटणी दोघांत टिकलं म्हणून दोघं सख्खे ठरत नाहीत. कोकणात दोन घरांत जुनी कौलं दिसली म्हणून ती भाऊबंदांची होतात का? नातं ठरतं ते नंतर आलेल्या समाईक बदलांवरून, आणि डीएनएनेही सागाला तुळशीच्याच बाजूला बसवलं. मग फुलोरा पुन्हा नीट पाहिला. तुळशीच्या आणि सागाच्या गुच्छात मधलं फूल आधी उमलतं, बाजूची मागून. टणटणीत उलटं, खालून वर. हे भिंगाशिवायही दिसतं. पंचवीस वर्षांत मला दिसलं नाही, कारण बघायचं कुठे ते आधीच ठरलेलं होतं.

तरी एक सांगतो. तुमच्यातल्या कुणाच्या खिशात डीएनए तपासायचं यंत्र आहे? रानात उभं राहून झाड ओळखायचं तर माझा आजही बेंथम-हूकरवरच हात जातो. ‘जुनं सगळं चूक’ म्हणणाऱ्या पोरांना मी तेव्हाही वैतागायचो, आजही वैतागतो. कोरफडीचं बघा. लिलिएसीतून काढली, २००९ च्या एपीजी यादीत (फुलझाडांची कुळं ठरवणाऱ्या संशोधकांच्या गटाची यादी) झँथोरिएसीत टाकली, २०१६ च्या यादीत त्याच कुळाचं नाव अ‍ॅस्फोडेलेसी झालं. कोरफड कुंडीतून हललीही नाही.

दोन गुणांबद्दल मी अजूनही वाद घालीन. विठोबाच्या विनोदाबद्दल नाही घालणार.

आणि हो, निर्गुंडीही लॅमिएसीत गेली. टणटणी व्हर्बिनेसीतच आहे. पुढच्या फेरीला हे पुन्हा विचारू नका.