हाताचा सिग्नल कातडीवरच हरवतो

निपाणी-चिकोडीकडे कडबा कुट्टीत किंवा उसाच्या चरकात मनगटापासून हात गेला, तरी कोपराखालचे स्नायू बहुधा शाबूत असतात. नसलेली मूठ मिटायचा प्रयत्न केला की ते आवळतात आणि कातडीवर विजेची बारीक थरथर उमटते. मायोइलेक्ट्रिक हात, म्हणजे स्नायूंच्या विजेवर चालणारा कृत्रिम हात, चालतो तो या थरथरीवर. बेळगाव-खानापूरच्या ज्या मुलांना या संशोधनात यायचंय, त्यांनी मशीन लर्निंगच्या आधी इलेक्ट्रोड, म्हणजे कातडीवरून सिग्नल उचलणाऱ्या चकत्या, नीट चिकटवायला शिकावं.

हा सिग्नल काही मायक्रोव्होल्टपासून फार तर काही मिलिव्होल्टपर्यंत असतो. घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गोंगाट त्याहून मोठा असू शकतो. म्हणून केस काढा, स्पिरिटने पुसा, कातडी वाळू द्या. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराईडचे दोन इलेक्ट्रोड स्नायूच्या फुगीर भागावर, तंतूंच्या दिशेत, मध्यापासून मध्यापर्यंत २० मिलिमीटर अंतरावर लावा. तिसरा, तुलनेसाठीचा, कोपराच्या हाडावर. एडी६२० सारख्या अँप्लिफायरचा पहिला गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) १०च्या आसपासच ठेवा, कारण इलेक्ट्रोडचा स्वतःचा डीसी व्होल्टेज मोठा असतो आणि जास्त गेनला आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटतं. मग २० ते ४५० हर्ट्झचा फिल्टर, उरलेला गेन, आणि सेकंदाला किमान १००० नमुने. सर्किट बॅटरीवर, लॅपटॉप चार्जर काढून. यात तडजोड नाही, सर्किटला माणूस जोडलेला असतो.

तरीही ५० हर्ट्झ दिसतोय? बहुतेक वेळा एक इलेक्ट्रोड सुकलेला असतो. दोन्हींचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, सारखा नसला की दोघांवर सारखाच आलेला गोंगाट फरक म्हणून पुढे जातो. अशा वेळी नेमका ५० हर्ट्झ कापणारा नॉच फिल्टर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. स्नायूच्या सिग्नलची बरीच ताकद ५० ते १५० हर्ट्झमध्येच असते, तीही थोडी कापली जाते.

पुढचं गणित तुलनेने सोपं: सिग्नलचा २०० मिलिसेकंदांचा तुकडा घ्यायचा, त्यात धन-ऋण चिन्ह सोडून मूल्यांची सरासरी आणि सिग्नल किती वेळा शून्य ओलांडतो ते मोजायचं. हात हलेपर्यंतचा एकूण उशीर ३०० मिलिसेकंदांच्या आत हवा. टेबलावर हे छान चालतं. माणसाने हात डोक्यावर नेला, सॉकेट सेंटीमीटरभर सरकलं, की चुकतं. मे महिन्यात सॉकेटमधला घाम दोन इलेक्ट्रोड जोडून टाकतो आणि सिग्नल पडतो. म्हणून नमुने हात खाली, समोर आणि वर ठेवून, घामातही घ्या.

शरीराच्या आत गेलं तरी प्रश्न तसेच. मेंदूत बसवायच्या युटा ॲरे या इलेक्ट्रोडच्या संचात ४ मिलिमीटरच्या चौकोनात १०० सुया असतात. तिथे घामाऐवजी सुयांभोवती साचणारा व्रण सिग्नल खातो. उत्तेजन देणाऱ्या इलेक्ट्रोडला धन आणि ऋण भार समसमान द्यावा लागतो, नाहीतर धातू झिजतो आणि ऊतक जळतं. शरीरात बसवायच्या यंत्राच्या वेष्टनाची परीक्षा ३७ अंशांच्या खारट द्रावणात महिनोन्‌महिने चालते. गळती बऱ्याचदा तार आणि कनेक्टरच्या सांध्यात सापडते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर हात बसलेल्या मुलाला असा सांधा चटकन कळतो. व्हीटीयू या विद्यापीठाची इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकलची पदवी चालते. पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. पुढे आयआयटी मुंबई, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय तंत्रज्ञान संस्था. तोवर वही ठेवा: तारीख, जागा, इम्पिडन्स, कातडी कोरडी होती की ओली. आणि माणसाला करंट देणारं काहीही एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय लावू नका, मित्रालाही नाही.