ओल नक्की येते कुठून?

तळघराची खोली करायची म्हटलं की जो तो वॉटरप्रूफ रंगाचं नाव सुचवतो. आमचा रंगारी तर डबा घेऊनच हजर झाला होता. "ताई, दोन हात मारले की विषय संपला." मी भिंतीवरचा एक पोपडा नखाने उचकटून त्याला दाखवला. जुन्या रंगाचे थर, आणि त्यांच्या मागे पांढरी भुरभुरीत भुकटी. ती बुरशी नव्हे, लोणा. मातीतलं पाणी भिंतीतून आत येताना क्षार विरघळवून घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार रंगामागे स्फटिक होऊन बसतात आणि फुगत फुगत रंगाला ढकलून देतात. त्यावर कितीही भारी रंग लावा, तो धरणार कशाला?

मला ही खोली हवी होती शिवणकामासाठी. वर कटिंगचं टेबल मांडलं की चालायला जागा उरत नाही, आणि तळघर नुसतं अडगळीने भरलेलं. पण कापड आणि ओल यांचं अजिबात जमत नाही. सुया गंजतात, ठेवणीतल्या कापडाला कुबट वास लागतो आणि तो एका धुण्यात जातही नाही. त्यामुळे 'बरी दिसते' एवढ्यावर माझं भागणार नव्हतं.

सुरुवात केली स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलपासून. फूटभर चौकोन कापायचा, भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावायचा आणि एक-दोन दिवस हात लावायचा नाही. फॉइलच्या मागच्या बाजूला पाणी दिसलं तर ते भिंतीतून येतंय. पुढच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला थेंब जमले तर ते हवेतलं बाष्प. आमच्याकडे अंगणाकडच्या भिंतीवर फॉइल मागून चिंब आणि समोरच्या भिंतीवर पुढून ओलं. एकाच खोलीत दोन वेगळी दुखणी! दोन्हींवर एकच औषध चाललं नसतं.

अंगणाकडच्या भिंतीचं कारण बाहेर गेल्यावर लगेच दिसलं. छपराच्या पन्हाळीचं सगळं पाणी पाइपातून थेट भिंतीच्या बुडाशी पडत होतं, आणि वाफ्याची माती भिंतीकडेच उतरलेली. गवंडी यायच्या आधी पाइप लांबवून पाणी दूर सोडलं आणि मातीचा उतार फिरवून घेतला. साधारण तीन मीटरमध्ये पंधरा सेंटिमीटर तरी उतार घरापासून बाहेर हवा. हे काम इतकं साधं आहे की त्याला कुणी वॉटरप्रूफिंग म्हणत नाही, पण पुढच्या पावसात सर्वात जास्त फरक यानेच पडला.

तरी पाणी यायचं पूर्ण थांबलं नाही, आणि ते थांबेल असं मी धरलंही नव्हतं. भिंतीमागे मीटरभर उंचीचं पाणी साठलं की तळाशी त्याचा दाब दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन असतो. आतून लावलेला कुठलाही लेप या दाबाच्या उलट बाजूने झुंजत असतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाण्याला नुसतं अडवू नका, त्याला वाट काढून द्या.

ही भिंत विटांची. गिलावा खरवडून काढला आणि तिच्यावर बारीक उंचवटे उठलेला प्लास्टिकचा जाड पत्रा बसवला. उंचवट्यांमुळे पत्रा आणि विटा यांच्यात फट राहते. पाझर त्या फटीतून खाली ओघळतो, फरशीकडेच्या चरात उतरतो, तिथून कोपऱ्यातल्या खड्ड्यात, आणि खड्ड्यातला पंप ते बाहेर फेकतो. पत्र्याला मनमानी भोकं पाडायची नाहीत. फिटिंगसाठी रबरी सील असलेले खास खिळे मिळतात. पंपाला बॅटरीची जोड हवीच. वीज जायची ती नेमकी मुसळधार पावसात.

फरशीखाली जाड प्लास्टिक कागद अंथरला, सांध्यांवर वीतभर एकावर एक घेऊन, आणि त्यावर कोबा. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. असा थर साधारण रोज एक मिलिमीटर या गतीने वाळतो, म्हणजे पन्नास मिलिमीटरच्या कोब्याला दीड महिन्याच्या वर लागतात. वरून कोरडा दिसतो, त्यावर जाऊ नका. घरातल्यांचं "अजून किती दिवस?" ऐकून घेतलं आणि टाइल्सवाल्याला लांबवत राहिले. लाकडी फ्लोअरिंगचा मोह सोडला, भिंतीच्या बुडाची लाकडी पट्टीही नको म्हटलं.

राहिली समोरची भिंत, हवेतल्या बाष्पाची. "खिडकी उघडी ठेव, वारा खेळू दे" हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय! बाहेर तीस अंश तापमान आणि सत्तर टक्के आर्द्रता असेल तर ती हवा चोवीस अंशांपर्यंत थंड होताच पाणी सोडू लागते. जमिनीखालची भिंत त्याहून गार असली की उघड्या खिडकीतून आपणच ओल आत घेतो. म्हणून आता एक आर्द्रतामापक बाहेर, एक खाली. बाहेरची हवा खरोखर कोरडी असेल तेव्हाच खिडकी उघडते, नाहीतर ती बंद आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं बाष्प ओढून घेणारं यंत्र, चालू. काटा साठच्या खाली राहिला की बुरशीची भीती नाही. कपाटंही भिंतीला टेकवलेली नाहीत, मागे चार बोटं जागा सोडलीय.

वायरिंगबद्दल थोडक्यात: प्लग पॉइंट कमरेच्या उंचीवर घेतले आणि खोलीच्या लाइनला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला. ओल्या जागेत यावर घासाघीस नको.

मशीन आणि कटिंगचं टेबल खाली गेलंय. ठेवणीतलं कापड मात्र अजून वरच्याच कपाटात आहे. एक अख्खा पावसाळा काटा साठच्या आत राहिला, तर बघू.