माथेरानची शिरगणती आणि २८ फेब्रुवारीची रात्र

२०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. आम्हा शिक्षकांना हे काम लागतंच, पण माझा ब्लॉक माथेरानचा होता आणि तिथली गणती वेगळीच असते हे मला फिरायला लागल्यावरच कळलं. गाव केवढं, तर डोंगराच्या डोक्यावरचं एक पठार, उंची साधारण ८०० मीटर, चारी बाजूंना कडे. गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, तेव्हा पुढे पाय नाहीतर घोडा नाहीतर हातरिक्षा. तरी इथे १९०५ पासून नगरपालिका आहे, देशातल्या सगळ्यात लहान नगरपरिषदांमध्ये तिचं नाव घेतात.

९ फेब्रुवारीला फॉर्म घेऊन निघालो. २९ प्रश्न, काळं बॉलपेन, फॉर्म दुमडायचा नाही. त्यात एक प्रश्न होता कामाला कसे जाता, पर्याय मोटरसायकल, कार, टेम्पो, बस असे सगळे, आणि मी मात्र घरामागून घर ‘पायी’ एवढंच लिहीत चाललो होतो.

खरी अडचण होती ती इथलं कोण आणि बाहेरचं कोण ही. हॉटेलातली पोरं एका खोलीत सहा-सहा झोपतात आणि एकाच भटारखान्यात जेवतात, त्यांना संस्थात्मक कुटुंब म्हणून लिहायचं, ते ठीक आहे. पण धोधाणीकडून सनसेट पॉइंटच्या वाटेनं रोज दूध-भाजी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायका? एक मावशी माझ्यासमोर किटली खाली ठेवून, धापा टाकत म्हणाली, "गुरुजी, मला पण लिवा की, माझा समदा दिवस तर हितंच जातो." मला नाही म्हणावं लागलं, ती झोपते धोधाणीत, आणि धोधाणी पडते पनवेल तालुक्यात, माथेरान कर्जत तालुक्यात. म्हणजे तिचा तालुकाच वेगळा. ती बरं म्हणाली, किटली उचलली आणि गेली, दूध पोचवायला उशीर होत होता. पण मला ते फार लागलं, कारण तिच्यासारख्यांच्या डोक्यावरून दूध-भाजी आली नाही तर इथल्या किती घरांत सकाळचा चहा होणार नाही, आणि नकाशात मात्र गावाची हद्द कड्यापाशी संपते.

२८ फेब्रुवारीची रात्र बेघरांच्या गणतीची. नियम असा की रात्री बारा वाजता, म्हणजे १ मार्च सुरू होताना, देशात जितकी माणसं तोच आकडा. मी टॉर्च घेऊन बाजारपेठ, स्टेशनचा व्हरांडा असं सगळं बघत निघालो. थंडी होती, पायाखाली ती तांबडी माती अगदी पिठासारखी, चालताना आवाजच येत नाही. एका तबेल्याच्या फटीतून कंदिलाचा उजेड दिसला म्हणून आत डोकावलो तर चार घोडी आणि त्यांच्या शेजारी पेंढ्यावर घोंगडी घेतलेला पन्नाशीचा माणूस, बाजूला तीन दगडांची चूल, एक टोप, ॲल्युमिनियमचं ताट. माणसं मोजण्याआधी घरांची यादी करतात, त्या घरयादीच्या वेळी, २०१० च्या मे मध्ये, मीच या तबेल्याच्या नावापुढे कोणी राहत नाही असं लिहिलं होतं!

म्हटलं, दादा, घर कुठं? तर म्हणाला खाली नेरळजवळ, बायको-पोरं तिकडं, पण दिवाळीपासून मी वरच, पावसाळा लागला की घोडी घेऊन उतरायचं. म्हटलं खाली तुमचं नाव लिहिलंय का? त्याला माहीत नव्हतं. दोनदा लिहिला तर चूक, आणि दोन्हीकडे सुटला तर माझ्या मते त्याहून मोठी चूक. मग त्याच्याच मोबाइलवरून बायकोला लावला, रात्रीचे साडेअकरा, ती आधी घाबरलीच, घोडं-बिडं लागलं काय म्हणून. मी समजावलं तेव्हा म्हणाली, "न्हाय लिवलं, बाईंनी इचारलं मालक ऱ्हातात का, मी बोलले वर ऱ्हातात."

मग तिथंच पेंढ्यावर बसलो, पॅड गुडघ्यावर, त्यानं कंदील धरला. जिथं माणूस राहतो, शिजवतो, झोपतो ते घर, म्हणून बेघर नाही तर नवीन कुटुंब म्हणून लिहिलं, सदस्य एक. जन्मस्थान, शिक्षण, काम, इथं किती महिने, सगळं तो सावकाश, विचार करून सांगत होता, मधेच घोडीला हूं करत होता. पुढे आकडे आले, माथेरान ४,३९३. २००१ ला ५,१३९ होती, म्हणजे सातशेच्या वर माणसं कमी. एवढ्याशा गावात एक माणूस सुटणं म्हणजे काय ते मला त्या रात्रीपासून कळतं.

फॉर्म झाल्यावर बाहेर आलो आणि दाराच्या फळीवर गेरूनं घर नंबर टाकला. तो कंदील घेऊन मागेच उभा होता. म्हणाला, "सर, जरा मोठा काढा, पावसात जातो पुसून."