टेम्पीचा उन्हाळा आणि ओस पडलेले विद्यापीठ

ठाण्याच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला ॲरिझोनाचा उन्हाळा जड जाणार नाही, असे नौपाड्यातील आमच्या शेजारच्या अनेकांना वाटत होते; परंतु टेम्पी येथील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात संशोधन सहायक म्हणून संपूर्ण उन्हाळा काढल्यानंतर मी तिकडे निघालेल्या प्रत्येकाला सांगते की, या दोन उन्हाळ्यांची जातच वेगळी आहे. आपल्याकडे अंग घामाने भिजते आणि पाणी पिण्याची आठवण राहते. तेथे हवा इतकी कोरडी असते की घाम येताक्षणीच वाळतो आणि शरीरातील पाणी कमी झाल्याचे डोके दुखू लागेपर्यंत कळत नाही. शेजारच्या फीनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक होते. म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी पीत राहावे आणि सोबत थोडे मीठही पोटात जाऊ द्यावे. जांभळी नाक्याच्या बाजारातून आईने घेऊन दिलेले सीलबंद कोकम आगळ मला फार उपयोगी पडले. मात्र अमेरिकेत उतरल्यावर सामानात खाद्यपदार्थ असल्याचे कस्टमला स्पष्ट सांगावे.

बाहेरची कामे पहाटे उरकावीत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे सरकवतात, तशी ॲरिझोनाच्या बहुतांश भागात सरकवत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये साडेपाचच्या आतच उजाडते. सूर्यास्तानंतर गारवा येईल अशी आशा धरू नये, कारण डांबर आणि काँक्रीट रात्री उशिरापर्यंत तापलेलेच असते. विद्यापीठाच्या आवारातील पाम वॉक या पायवाटेवरील उंच पामची झाडे देखणी आहेत, पण त्यांची सावली नाममात्र पडते.

मे महिन्यात सत्र संपले की आवार झपाट्याने रिकामे होते. निवासाची सोय एप्रिलमध्येच करावी; दुसऱ्याची खोली उन्हाळ्यापुरती घेताना मूळ घरमालकाची लेखी संमती मागावी, एसी स्वतः चालवून पाहावा आणि वीजबिल कोण भरणार हे ठरवून घ्यावे, कारण तो एसी दिवसरात्र चालणार असतो. भोजनगृहांच्या आणि ग्रंथालयाच्या वेळाही बदलतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एरवी आवारातील कामाला आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, सुट्टीत पूर्णवेळ काम करता येते. तरीही आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आधी खात्री करून घ्यावी.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, अशा आवारात तुम्हाला भोवळ आली तर ती पाहणारे कोणी जवळपास असेलच असे नाही. रोज ठरलेल्या वेळी कोणाशी तरी बोलणे आवश्यक आहे. मी रात्री आठ वाजता, म्हणजे ठाण्यातील सकाळी साडेआठला, घरी फोन करत असे आणि फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, तो टेम्पीतील मैत्रिणीचा क्रमांक आईकडे देऊन ठेवला होता.